‘ने’ लावून पाहा

कर्जतच्या माणसाला ‘व्ही. टी.’ म्हटलं की लोकलचं शेवटचं स्टेशन आठवतं. 1996 साली त्या स्टेशनाचं नाव बदललं, तरी जुन्या पासधारकांच्या तोंडून व्ही. टी. काही गेलेलं नाही. इंग्रजी शब्दकोशात क्रियापदाच्या पुढे हीच दोन अक्षरं बारीक ठशात छापलेली असतात. तिथे त्यांचा अर्थ ट्रान्झिटिव्ह व्हर्ब, म्हणजे आपलं सकर्मक क्रियापद. आणि शेजारी ‘व्ही. आय.’ असेल तर ते अकर्मक. विद्यार्थी या खुणांवर न थांबता थेट अर्थाकडे जातो, आणि त्याची निम्मी वाक्यं तिथेच घसरतात. यावर उपाय म्हणून आपण वर्गात इंग्रजी व्याख्या पाठ करून घेतो. माझं म्हणणं असं की हा भेद मराठी मुलाला शाळेत पाऊल टाकण्याआधीपासून येत असतो. त्याच्या जिभेवर जे आहे तेच त्याला दाखवून दिलं, तर इंग्रजीतली वाट बरीच सोपी होते.

प्रचलित कसोटी सगळ्यांना ठाऊक आहे. क्रियापदाला ‘काय?’ किंवा ‘कोणाला?’ असा प्रश्न विचारायचा. उत्तर मिळालं तर सकर्मक, नाही मिळालं तर अकर्मक. ही कसोटी कच्ची आहे. ‘ही बिकेम अ टीचर’ या वाक्यात ‘काय झाला?’ विचारलं तर ‘टीचर’ असं चोख उत्तर येतं, पण ते कर्म नव्हे, पूरक आहे. ‘ही वॉक्ड फाइव्ह माइल्स’मध्ये ‘काय चालला?’ला ‘पाच मैल’ मिळतात, आणि तेही कर्म नव्हे, ते अंतर आहे. आता हीच वाक्यं मराठीत, साध्या भूतकाळात, ‘तो’ घेऊन म्हणून पाहा. ‘तो शिक्षक झाला’, ‘तो पाच मैल चालला’. ‘त्याने शिक्षक झाला’ असं कोणतंही पोर म्हणणार नाही. पण शाळेने शिक्षक नेमला असेल, तर ‘ने’ आपसूक येतो. आणि नुसता ‘ने’ येऊन भागत नाही, क्रियापदही बाजू बदलतं. ‘ती आली’ म्हणताना क्रियापद तिच्या मागे चालतं. ‘तिने हंडा भरला’ म्हणताना भरणारी बाई असूनही क्रियापद पुल्लिंगी होतं, कारण आता शब्द हंड्याचा चालतो. व्याकरण याला कर्मणी प्रयोग म्हणतं. इंग्रजीत ‘शी केम’ आणि ‘शी फिल्ड’ ऐकून यातलं काहीच कळत नाही. जे इंग्रजी पोटात ठेवते, ते मराठी तोंडावर सांगते.

याचा उपयोग कर्जत स्टेशनवर उभं राहूनच पाहावा. पुण्याकडे जाणाऱ्या लांब पल्ल्याच्या गाड्यांना इथे मागून जादा इंजिनं लावतात, कारण पुढे 37 फुटांना एक फूट चढणारा बोरघाट आहे. तेवढ्या वेळात ‘गाडी थांबली’ असं प्रवासी म्हणतो. गार्डाने ती लाल झेंडा दाखवून अडवली असती, तर तोच प्रवासी ‘गार्डाने गाडी थांबवली’ म्हणाला असता. इंग्रजीत दोन्हीकडे एकच ‘स्टॉप’. फलाटावर वडा ‘खपतो’ आणि फेरीवाला तो ‘विकतो’. इंग्रजीत दोन्हीकडे ‘सेल’. दापोलीच्या कृषी विद्यापीठाचं भात संशोधनाचं केंद्र याच गावात आहे आणि ‘कर्जत’ या नावाने भाताच्या जाती निघाल्या आहेत. ते भात शेतात ‘पिकतं’, शेतकरी ते ‘पिकवतो’. इंग्रजीत दोन्हीकडे ‘ग्रो’. तुटणे-तोडणे, फुटणे-फोडणे, जळणे-जाळणे अशा जोड्या मराठीत ढिगाने आहेत. इंग्रजीत अशा जोड्या थोड्या, आणि नेमक्या त्याच परीक्षेत चुकतात: ‘राइज’ आणि ‘रेझ’, ‘लाय’ आणि ‘ले’, ‘फॉल’ आणि ‘फेल’. झाड ‘पडतं’ आणि लाकूडतोड्या ते ‘पाडतो’, हे ज्याला कळतं त्याला ‘फॉल’ आणि ‘फेल’ वेगळे समजावून सांगावे लागत नाहीत. कोणता कुठे बसतो एवढंच दाखवावं लागतं.

यावर कुणी म्हणेल की मराठीतही एकच रूप दोन्हीकडे चालतं, मग फरक काय उरला? आक्षेप रास्त आहे. चांगला पाऊस झाला की खालापूर तालुक्यातलं ‘मोरबे धरण भरलं’, आणि बाईने ‘हंडा भरला’. चुलीवर ‘हात भाजला’, आणि उन्हाळ्यात शेतकऱ्याने ‘राब भाजला’. पण या उदाहरणांनी माझं म्हणणं अधिकच पक्कं होतं. क्रियापद तेच, तरी एका वाक्यात ‘ने’ आहे आणि दुसऱ्यात नाही. म्हणजे सकर्मकपणा हा क्रियापदाच्या कपाळावरचा शिक्का नाही, ते त्या त्या वाक्यातलं त्याचं काम आहे. इंग्रजी शब्दकोशात ‘ओपन’ किंवा ‘बर्न’पुढे दोन्ही खुणा का असतात, याचं उत्तर मराठी मुलाला ‘भरला’ आणि ‘भाजला’मध्येच मिळतं.

दुसरा आक्षेप याहून जड आहे: ‘ने’ची कसोटीही फसते. ‘तो धडा शिकला’, ‘ती लुगडं नेसली’, ‘तो नाव विसरला’, ‘तो पाणी प्यायला’ या वाक्यांत कर्म आहे, पण ‘ने’ नाही. खरं आहे. मात्र अशी क्रियापदं मोजकी आहेत आणि त्यांतल्या बहुतेकांत एक नातं आहे: शिकलेलं, नेसलेलं, प्यालेलं शेवटी करणाऱ्याच्याच अंगी लागतं. (‘खाणे’ मात्र या पंगतीत बसत नाही, तिथे ‘त्याने भात खाल्ला’ असंच म्हणावं लागतं.) ही यादी एका तासात पाठ होते. ‘त्याने जावं’ अशा वाक्यांतही ‘ने’ येतो, म्हणून कसोटी साध्या भूतकाळापुरतीच ठेवायची. खरी अडचण पुढे आहे, कारण दोन भाषांची सीमा सगळीकडे सारखी आखलेली नाही. मराठीत आपण कर्जत‘ला’ पोहोचतो, खोली‘त’ शिरतो, मुली‘शी’ लग्न करतो, विषया‘वर’ चर्चा करतो. म्हणून आपल्या इंग्रजीत ‘रीच’पुढे ‘टू’, ‘मॅरी’पुढे ‘विथ’ आणि ‘डिस्कस’पुढे ‘अबाउट’ घुसतं. उलट गाणं आपण सरळ ऐकतो, म्हणून ‘लिसन’पुढचं ‘टू’ गळतं. इथे ‘ने’ उत्तर देत नाही, पण चूक कुठून आली ते दाखवतो. आणि चुकीचा उगम कळला की ती हटकून पुन्हा होत नाही. एक्स्प्रेसवेवरच्या बातमीचं भाषांतर करताना ‘अपघात झाला’चं ‘वॉज हॅपन्ड’ होतं, कारण ‘झाला’ला ‘वॉज’ चिकटवावंसं वाटतं. ‘होणे’ला ‘ने’ लागत नाही, म्हणजे कर्म नाही, आणि कर्म नाही तिथे इंग्रजी पॅसिव्ह नाही. एवढं ध्यानात आलं तरी ते ‘वॉज’ गळून पडतं.

तिसरा आक्षेप पद्धतीचा आहे. महाराष्ट्रात 2000 सालापासून इंग्रजी पहिलीपासून शिकवलं जातं. इतक्या लहानपणी भाषा कानावर पडत असताना मराठीचा आधार कशाला, तो कुबडीसारखाच नाही का होणार? कान तयार होत असेल तर चांगलंच आहे. पण ज्या घरात इंग्रजी बोललं जात नाही, तिथल्या मुलाच्या कानावर ते वर्गापुरतंच पडतं, आणि तेवढ्या ऐकण्यातून ‘लाय’ आणि ‘ले’चा भेद मुरत नाही. तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेवर कित्येक पिढ्यांचं इंग्रजी उभं राहिलं, ते दोन भाषा शेजारी ठेवूनच. दादोबा पांडुरंगांनी 1836 साली मराठीचं व्याकरण छापलं, तेव्हा इंग्रजी व्याकरणाचा साचा त्यांच्यासमोर होता. त्या साच्यातून मराठीकडे पाहण्याची सवय आपल्याला तेव्हापासूनची. मराठीतून इंग्रजीकडे पाहायला मात्र आपण अजून संकोचतो.

तेव्हा शिक्षकांना एवढीच विनंती. उद्या फळ्यावर ट्रान्झिटिव्हची व्याख्या लिहिण्याआधी मुलांकडून दोन वाक्यं म्हणवून घ्या: ‘गाडी थांबली’ आणि ‘गार्डाने गाडी थांबवली’. व्याख्या मग तीच सांगतील.