पोचल्याचं पत्र

संपादकांचं पत्र आलं, ‘दिवाळी अंकासाठी एखादं प्रवासवर्णन पाठवा.’ मी ते मोठ्यानं वाचून दाखवलं, तेव्हा चकलीचं पीठ मळता मळता आमच्या सौभाग्यवतींनी विचारलं, ‘‘पण तुम्ही कुठं गेला होतात?’’

प्रश्न रास्त होता. मराठीच्या प्राध्यापकाचा प्रवास तो केवढा! घर ते कॉलेज आणि फार तर पेपर तपासायच्या केंद्रापर्यंत. पण एक लांबचा प्रवास मी घरबसल्या केला आहे. सोबतीला अण्णा होते, आणि मुक्काम होता प्लूटो.

अण्णा, म्हणजे माझे वडील, तालुक्याच्या गावी भूगोल शिकवत. ग्रहमाला काढताना नेपच्यूनपाशी फळा संपे. मग ते खाली उतरून भिंतीवर खडूचा ठिपका देत. ‘‘हा प्लूटो. एवढा लांब!’’ १९३० साली अमेरिकेतल्या फ्लॅगस्टाफच्या वेधशाळेत चोवीस वर्षांच्या क्लाइड टॉम्बो या शेतकऱ्याच्या पोरानं तो शोधला आणि त्याचं नाव ऑक्सफर्डच्या अकरा वर्षांच्या मुलीनं सुचवलं, हे सांगताना त्यांची नजर नेमकी शेवटच्या बाकावर खिळे.

१९ जानेवारी २००६ रोजी ‘न्यू होरायझन्स’ हे यान तिकडे निघालं. वजन ४७८ किलो. आत टॉम्बोची चिमूटभर रक्षाही होती. त्याच ऑगस्टमध्ये शास्त्रज्ञांनी प्लूटोला ग्रहांच्या यादीतून वगळून ‘बटुग्रह’ ठरवलं. अण्णा तेव्हा निवृत्त झाले होते. एवढंच म्हणाले, ‘‘हजेरीपटावरून नाव काढलं म्हणून पोर परकं होतं का?’’

वाटेत गुरूच्या ओढीनं वेग वाढवून घेत यानानं साडेनऊ वर्षं वाट तुडवली. १४ जुलै २०१५ ला ते प्लूटोपासून साडेबारा हजार किलोमीटरांवरून जाणार होतं. थांबायची सोय नव्हती; वेग सेकंदाला चौदा किलोमीटर! दहाच दिवस आधी त्याच्याशी संपर्क तुटला, तासाभरानं जुळला. अण्णा तेव्हा आमच्याकडे पुण्याला होते. त्या दिवशी त्यांना जेवण गेलं नाही.

प्रत्यक्ष भेटीच्या दिवशी तर यान मुद्दाम गप्प होतं. प्लूटोकडे तोंड करायचं तर पृथ्वीकडे पाठ फिरवावी लागे. वीस तासांहून अधिक काळ चकार शब्द नाही! संदेश निघाला तरी प्रकाशाच्या वेगानं इथं यायला साडेचार तास. पंधरा तारखेला सकाळी साडेसहाच्या आत बातमी आली : यान सुखरूप आहे.

अण्णांनी चष्मा पुसला. म्हणाले, ‘‘पोरगं गुणाचं. पोचल्याचं कळवलं.’’

मी खाली पाहिलं. कॉलेजसाठी पहिल्यांदा घर सोडलं तेव्हा स्टँडवर त्यांनी पत्ता घातलेलं पोस्टकार्ड हातात दिलं होतं. महिन्याभरानं ते माझ्याच वहीत सापडलं, कोरंच. अण्णा त्यावर कधी एक शब्द बोलले नाहीत. पण त्या महिन्यात रोज पोस्टमनची वाट पाहत ते ओट्यावर उभे राहत, असं आईनं पुढं एकदा सांगितलं होतं.

मग सावकाश चित्रं येऊ लागली. दोन शंभरी दिव्यांना पुरेल एवढ्याच विजेवर चालणारं ते यान. सगळी माहिती यायला ऑक्टोबर २०१६ उजाडला. हृदयाच्या आकाराचा फिकट प्रदेश, त्यात गोठलेल्या नायट्रोजनचं मैदान. ते बर्फ तळातून मंद ढवळत असतं, म्हणून त्यावर जुन्या आघातांचे खड्डेच उरत नाहीत. काठाला पाण्याच्या बर्फाचे डोंगर, त्या थंडीत खडकासारखे टणक. ऊन आपल्या उन्हाच्या हजाराव्या हिश्शाएवढं. २०१७ साली तिथल्या पर्वतरांगांना तेनसिंग आणि हिलरी यांची नावं अधिकृतपणे मिळाली. हिमालय पाहायची अण्णांची इच्छा राहूनच गेली होती. ते हसून म्हणाले, ‘‘चला, डोंगर तरी ओळखीचे निघाले.’’

२०१८ च्या पावसाळ्यात अण्णा गेले. १ जानेवारी २०१९ रोजी यान आणखी पुढच्या, दोन गोळे चिकटल्यासारख्या छत्तीस किलोमीटर लांबीच्या ‘आरोकोथ’पाशी पोचलं. प्रकाशालाही तिथून यायला सहा तास लागतात. रात्री नऊच्या सुमारास सुखरूप असल्याचा निरोप आला. घरात सगळे झोपायच्या तयारीत होते. मी कुणाला काही सांगितलं नाही.

यान निघालं त्याच वर्षी आमची मुलगी जन्मली. आता दिवाळी संपली की ती शिकायला बंगळूरला जाणार आहे. काल पोस्टातून एक कार्ड आणलं, त्यावर घरचा पत्ता घातला आणि तिच्या बॅगेत ठेवलं. ती हसली. म्हणाली, ‘‘बाबा, फोन आहे ना!’’

‘‘असू दे,’’ मी म्हटलं.