वरातीचं देणं

आमच्या रॅपच्या व्हिडिओची आखणी सुरू झाली तेव्हा कॅमेरा करणाऱ्या मित्राने यादी वाचून दाखवली: भडक शर्ट, मोठे गॉगल, तोंडात रुमाल धरून नागीण डान्स. नव्वदच्या दशकातली परभणीची वरात त्याला एवढीच दिसत होती. मी ती यादी बाजूला ठेवायला लावली. मला ताल त्याच वरातीने दिला. ज्यांनी दिला त्यांच्यावर लोकांना हसवणारा व्हिडिओ मी करणार नाही.

आमच्या गल्लीत बँजो पार्टीवाले चाचा राहत. कापसाच्या हंगामात जिनिंगमध्ये हमाली करायचे, लग्नसराई लागली की ट्रंकेतून बँजो काढायचे. हातगाड्यावर जनरेटर, अ‍ॅम्प्लिफायर, दोन भोंगे. मागे ऑक्टोपॅड आणि ढोल-ताशा, दोन्ही बाजूंना डोक्यावर दिवे घेऊन चालणाऱ्या बाया. नवरदेवाची मिरवणूक, म्हणजे परण्या, मारुतीकडे निघाला की मी गाड्याची दांडी धरून चालायचो. आई ओढून न्यायला आली की चाचा म्हणायचे, "ऱ्हाऊ द्या भाबी, लेकरू माह्याजवळ हाय."

त्यांचं ते वाद्य मूळचं जपानचं. १९१२ मध्ये नागोयात गोरो मोरिता यांनी टाइपरायटरसारखी बटणं असलेलं तैशोगोतो बनवलं. आपल्याकडचा बुलबुल तरंग त्याचाच वंशज. त्याला पिकअप बसवून, आवाज भोंग्यात सोडून आपल्या वस्त्यांतल्या वादकांनी त्याला रस्त्यावर आणलं. कुठलं नागोया आणि कुठला परभणीचा मारुतीचा पार! तरी लहानपणी मला ते वाद्य कधी परकं वाटलं नाही.

चाचांची शिकवण एकच होती. "गाण्याकडं नको बघू, पायांकडं बघ." नाचणाऱ्यांचे पाय उचलले की ते कडवं सोडून देत आणि तोच एक तुकडा पुन्हा पुन्हा वाजवत राहत. म्हाताऱ्या बाया रिंगणात उतरल्या की लय खाली आणत. पुढे मी न्यूयॉर्कच्या ब्राँक्समधल्या कूल हर्कबद्दल वाचलं. ११ ऑगस्ट १९७३ ची त्याच्या बहिणीची पार्टी हिप-हॉपची जन्मवेळ मानतात. लोक गाण्याच्या कुठल्या तुकड्यावर बेभान होतात हे त्याने हेरलं, आणि एकाच रेकॉर्डच्या दोन प्रती लावून तो तुकडा लांबवत नेला. वाचताना मला चाचांची बोटं दिसत होती.

पण चाचांकडून घेतलेली सगळ्यात मोठी गोष्ट वेगळीच आहे. वरात चालू असताना मध्येच ते हात वर करायचे आणि सगळी पार्टी गप्प व्हायची. समोरच्या घरात नुकतीच मयत झालेली असायची. नवरदेवाच्या दोस्तांनी कितीही नोटा नाचवल्या तरी तिथे ढोलावर टिपरू पडत नसे. नुसते चपलांचे आवाज आणि जनरेटरची घरघर. घर मागे पडलं की ताशा नेमक्या मात्रेवर उठायचा, कारण प्रत्येकाच्या मनात मोजणी चालूच असायची. ओळ कुठे तोडायची, श्वास कुठे घ्यायचा, हे रॅप लिहिताना मला वेगळं शिकावं लागलं नाही.

मग टेम्पोवरचे डीजे आले आणि बँजो पार्ट्यांच्या सुपाऱ्या आटल्या. व्हिडिओचं सांगायला गेलो तेव्हा चाचा डीजेबद्दल वाईट बोलले नाहीत. एवढंच म्हणाले, "वाजतो चांगला. पण त्याला पाय दिसत न्हाईत, बेटा."

आता आखणी अशी ठरली आहे. चौकट जुन्या टीव्हीची, चारास तीन. उजेड हॅलोजनचा आणि डोक्यावरच्या दिव्यांचा. बँजो चाचाच वाजवणार, संगणकातला तयार तुकडा वापरायचा नाही. मधल्या कडव्यात एका बंद दारापुढे संगीत थांबेल आणि मी नुसत्या पावलांच्या आवाजावर बोलेन. खर्चात पहिली रक्कम वाजवणाऱ्यांची, कॅमेऱ्याचं भाडं त्यानंतर. गाण्याच्या हक्कात चाचांचा वाटा लेखी राहील, आणि नामावलीत पहिलं नाव त्यांचं. त्या काळी कॅसेटीवर गायकाचा फोटो तरी छापला जाई. वरातीत चालत वाजवणाऱ्याचं नाव कुठेच छापलं गेलं नाही.

ही माणसं दिसतात ती फक्त लग्नांच्या व्हिडिओ कॅसेटींमध्ये, तीही नवरदेवाच्या मागे, कडेकडेने. त्या फितींना आता बुरशी लागते आहे आणि चालू व्हीसीआर मिळणं अवघड झालं आहे. जपानच्या फुनाई कंपनीनेही २०१६ मध्ये त्याचं उत्पादन थांबवलं. म्हणून परभणी, सेलू, मानवत, जिंतूर, गंगाखेडच्या मंडळींना विनंती आहे. घरात अशी कॅसेट असेल तर भंगारात देऊ नका, डिजिटल करून घ्या. वरातीच्या भागात वाजवणारे दिसले की घरातल्या जुन्या माणसांना विचारा आणि त्यांची नावं लिहून ठेवा.