उंची

मी हसलो होतो. आधी तेच सांगून टाकतो, म्हणजे पुढचं लिहायला तोंड राहील.

रात्रपाळी होती. सूतगिरणीच्या रिंगखात्यात तुटलेले धागे सांधून सांधून बोटं बधिर झालेली. चहाच्या सुट्टीत एका जोडीदारानं मोबाईल पुढं केला. "हे बघ की लेका, खांब पळतोय खांब!" पडद्यावर एक काळा माणूस बास्केटबॉल खेळत होता. ७ फूट ७ इंच. काडीसारखे हात, काडीसारखे पाय. मग एक फोटो आला. त्यात त्याच्या शेजारी त्याच्याच संघातला ५ फूट ३ इंचांचा गडी उभा केलेला. आम्ही खो खो हसलो. मी जरा जास्तच.

पाळी सुटली, खोलीवर आलो, झोप लागेना. त्याचं नाव शोधलं. मनूट बोल. आपल्या भाषेत हा शब्द किती सोपा. पण या माणसाला बोलू कुणी दिलं? सगळे मोजतच बसले.

दक्षिण सुदानातला डिंका जमातीचा पोरगा. लहानपणी गुरं राखायचा. बास्केटबॉल हातात आला तो थोराड झाल्यावर. उडी मारून चेंडू कड्यात घालायला गेला आणि कड्यावर दात आपटून फुटले. तरी खेळ सोडला नाही. १९८३ मध्ये एका अमेरिकन प्रशिक्षकाच्या मदतीनं क्लीव्हलंडला पोचला. पासपोर्टावर उंची लिहिलेली ५ फूट २ इंच. विचारलं तर म्हणाला, मोजलं तेव्हा मी बसलेलो होतो. ही गोष्ट तिकडं विनोद म्हणून सांगतात. मला त्यात सरकारी टेबलामागचा कारकून दिसतो. समोरच्या माणसाला उभं राहा म्हणायचीही तसदी न घेणारा. असले कारकून आपण दाखल्याच्या रांगेत पाहिलेत.

इंग्रजी लिहिता-वाचता येत नव्हतं, म्हणून क्लीव्हलंडच्या विद्यापीठाकडून खेळता आलं नाही. मग ब्रिजपोर्टच्या विद्यापीठात एक हंगाम. १९८५ मध्ये वॉशिंग्टनच्या व्यावसायिक संघानं घेतला. पहिल्याच हंगामात त्यानं समोरच्यांचे ३९७ फटके हवेतच अडवले. नवख्या खेळाडूचा तो विक्रम झाला. पुढं एकूण ६२४ सामने खेळला. गुण केले १५९९ आणि फटके अडवले २०८६. गुणांपेक्षा अडवणूक जास्त, असा तिथला हा एकटाच. म्हणजे त्याचं काम काय, तर मिळवण्यापेक्षा रोखायचं. नाव होतं ते कड्यात चेंडू घालणाऱ्याचं. हा आपला हात वर करून उभा.

पण लोकांना हवी होती त्याची उंची, आणि त्यानं भाल्यानं सिंह मारल्याची गोष्ट. तो गेला त्याच १९८३ साली त्याच्या मुलखात यादवी पेटली होती. ती २००५ पर्यंत धुमसत राहिली. गावं जळाली, लाखो मेले, त्यात त्याचे कितीतरी नातलग. सिंहाची गोष्ट ऐकणारे पुष्कळ. जळालेल्या गावाची कोण ऐकणार?

मग तो गप्प राहिला का? नाही. कमावलं त्यातलं बरंचसं त्यानं सुदानच्या निर्वासितांसाठी आणि दक्षिणेच्या लढ्यासाठी घातलं. खार्टूमला गेला. तिथल्या सरकारनं क्रीडामंत्रीपद देऊ केलं, अट एकच, धर्म बदल, असं त्यानं सांगितलंय. यानं नाही म्हटलं. दोस्तहो, धर्म सोडणं काय असतं ते आपल्याला कुणी शिकवायला नको. पण स्वतःच्या मनानं उंबरठा ओलांडणं वेगळं आणि खुर्चीसाठी मान वाकवणं वेगळं. पुढं देशाबाहेर पडणं अवघड झालं. इजिप्तमार्गे २००२ मध्ये पुन्हा अमेरिकेत आला, तेव्हा हाताशी फारसं काही उरलं नव्हतं.

आणि इथंच माझं हसू माझ्या घशात अडकलं.

त्याच २००२ साली हा माणूस टीव्हीवर मुष्टियुद्धाला उतरला. समोर एक धिप्पाड माजी फुटबॉलपटू. चाळिशीच्या आसपासचं, सांधे दुखणारं शरीर. पुढं आईस हॉकीच्या संघाशी करार केला. जॉकीचा परवानासुद्धा काढला. लोक हसत होते. त्याला ते कळत होतं. त्यांच्या हसण्याचे पैसे करून तो सुदानच्या पोरांसाठी निधी उभा करत होता.

मी विचार करतो, असा हिशेब मला जमला असता का? शाळेत माझं आडनाव कळलं की गुरुजींची नजर बदलायची. त्या नजरेचा राग मी अजून कवितेत ओकतोय. ओकणारच. पण त्या रागातून माझ्या वस्तीतल्या एका तरी पोराला वही मिळाली का? यानं त्याच नजरेला तिकीट लावलं. मला हे पटतं आणि पटतही नाही. माणसानं आपल्या लोकांसाठी स्वतःचा तमाशा का करून घ्यावा? तो करायला लावणारं जग कुणाचं? उत्तर माझ्याजवळ नाही. तुम्ही भांडा माझ्याशी.

शेवटी तो तुरालेई या आपल्या गावाकडं शाळा बांधायच्या मागे होता. सुदानहून आजारी होऊन परतला आणि १९ जून २०१० ला अमेरिकेत गेला. त्याला नेऊन पुरलं तुरालेईतच. ९ जुलै २०११ ला दक्षिण सुदान स्वतंत्र झाला. वर्षभराच्या फरकानं त्याचं ते बघायचं राहिलं.

दुसऱ्या रात्री चहाच्या सुट्टीत जोडीदारानं पुन्हा तोच व्हिडिओ लावला. मी म्हटलं, "थांब, ह्याचं नाव म्हाईत हाय का तुला?" तो म्हणाला, "नाव काय करायचंय?"

मी नाव सांगितलं. मग गावाचं नाव, मग युद्धाचं. भोंगा झाला तेव्हा गोष्ट अर्धीच झाली होती. उरलेली त्यानं साच्यांच्या आवाजात, माझ्या तोंडाजवळ कान आणून ऐकली.