ठोकळे तेच, फंडा नवा!

तुमच्या ऑफिसातही असेल असा एखादा... मॉनिटरशेजारी लेगोची रेसिंग कार मांडून ठेवणारा. हात लावला की किंचाळणारा! ठोकळे आता फक्त पोराटोरांचे राहिलेले नाहीत. २००८ मध्ये लेगोने चक्क ताजमहाल काढला होता, ५,९२२ तुकड्यांचा. खेळणं की प्रोजेक्ट?

आमच्या अर्जुनी मोरगावात असले चोचले नव्हते. दिवाळीनंतर आमच्याकडे मंडई भरते. भाजीची नव्हे हो, जत्रेसारखी! तिथे पिशवीत ठोकळे मिळायचे. लाल, पिवळे, निळे. ब्रँड? विसरा. माहितीपुस्तिका? तीही विसरा. दोन घट्ट बसायचे, तिसरा हमखास ढिला. कडा टोचायच्या. (२०२१ पासून खेळण्यांवर आयएसआय मार्क सक्तीचा झाला, ते बरंच झालं.) छपराचा तुकडा नसायचाच, मग कवेलूंच्या जागी वहीचा पुठ्ठा. तान्ह्या पोळ्याच्या लाकडी नंदीला मी आणि दादा ठोकळ्यांचा गोठा बांधायचो. दुसऱ्या दिवशी त्याच गोठ्याचं रेल्वे स्टेशन, तिसऱ्या दिवशी इटियाडोहचं धरण! धरण फुटलं तरी कुणी ओरडायचं नाही.

गंमत म्हणजे मूळ वीट बदललेलीच नाही. लेगोने १९५८ मध्ये जिचं पेटंट घेतलं, तिच्यावर आजची वीटही फिट्ट बसते. वर आठ उंचवटे असलेल्या, एकाच रंगाच्या सहा विटा घ्या. त्या ९१ कोटींहून जास्त प्रकारे जोडता येतात! बदललंय ते खोकं. १९९९ मध्ये 'स्टार वॉर्स'चे सेट आले आणि पुढे सिनेमांची रांगच लागली. पुस्तिका आधीही असायच्या. पण खोक्यावर सिनेमातलंच यान असलं, की बरोबर उत्तर एकच उरतं.

यंदा दादाच्या मुलासाठी मी पुण्याहून जीपचा सेट नेला. सात वर्षांचा पठ्ठ्या. तासाभरात जीप तयार, एक तुकडा इकडचा तिकडे नाही. आम्ही सगळे गार! जीप थेट शोकेसमध्ये. दोन दिवसांनी म्हटलं, "मोड आता, दुसरं काहीतरी बनव ना." तो बघतच राहिला.

"पण आत्या, दुसऱ्याचं पुस्तक कुठं आहे?"

आधी हसू आलं, मग चर्रर्र झालं. दिवसभर डेडलाइनमागे धावल्यावर पायरी एक, पायरी दोन करत विटा लावताना आपलं डोकं शांत होतं, मान्य. माझंही होतं. पण आपल्यासाठी तो आराम आहे. त्याला मात्र खेळ म्हणजे एवढंच असतं, असं वाटायला लागलं तर?

मग माळ्यावरची जुनी पिशवी काढली. नव्या तुकड्यांवर ते ठोकळे बसेनात. पठ्ठ्याने रबर बँड शोधून आणला. संध्याकाळपर्यंत पाच चाकांचं काहीतरी उभं राहिलं. आजीने विचारलं, "काय बनवून राहिला रे?" तो म्हणाला, "अजून ठरलं नाही."

तेव्हा वाढदिवसाला सेट द्या, जरूर द्या. एकदा जोडून झाला की पुस्तिका तेवढी लपवून ठेवा!