थ्रेड : ऑलिम्पिकची अठ्ठावीस नाणी आणि एक तराजू

१/ चांदीच्या नाण्यांचे संच ‘पिढ्यान्‌पिढ्या मोल राखणारा ठेवा’ म्हणून विकले जातात. हे मोल खरोखर टिकते का? या प्रश्नाची परीक्षा घ्यायला १९७६च्या माँट्रियल ऑलिम्पिकच्या नाण्यांसारखे उदाहरण नाही. त्यांतलाच एक पूर्ण संच टोरांटोतील एका मराठी घरात अर्धशतक कपाटात पडून होता. हा इतिहास त्या घराच्या निमित्ताने.

२/ माँट्रियलचे महापौर ज्याँ द्रापो यांचा शब्द होता की हे खेळ आपला खर्च आपणच भागवतील. त्यासाठी मार्ग ठरले तीन : लॉटरी, टपाल तिकिटे आणि नाणी. १९७३मध्ये कॅनडाच्या संसदेने कायदा केला आणि १९७६पर्यंत चांदीच्या नाण्यांच्या सात मालिका निघाल्या. प्रत्येक मालिकेत चार नाणी, दोन पाच डॉलरची आणि दोन दहा डॉलरची. एकूण अठ्ठावीस.

३/ आता हिशेब. पाच डॉलरचे नाणे २४.३ ग्रॅमचे, दहाचे ४८.६ ग्रॅमचे. शुद्धता ९२.५ टक्के. म्हणजे पूर्ण संचात सुमारे ९४४ ग्रॅम, अर्थात ३०.३५ ट्रॉय औंस शुद्ध चांदी. साऱ्या नाण्यांचे दर्शनी मूल्य मिळून २१० कॅनडियन डॉलर. हे दोन आकडे लक्षात ठेवावेत, पुढची सारी कथा त्यांच्याभोवती फिरते.

४/ त्या घरातले वडील सत्तरच्या दशकाच्या आरंभी पुण्याहून कॅनडात गेलेले अभियंते. पहिली नोकरी किंग्स्टनला, नंतर टोरांटो. प्रत्येक मालिका निघाली की ते चार नाणी घेत. पत्नीचे म्हणणे साधे होते : एवढ्या पैशांत दोन बांगड्या झाल्या असत्या, सोने निदान अंगावर घालता येते. त्यांचे उत्तर ठरलेले असे : मुलांच्या शिक्षणाला हीच नाणी उपयोगी पडतील, फक्त संच मोडायचा नाही.

५/ त्यांनी नेमके काय विकत घेतले होते? १९७३मध्ये चांदी औंसामागे अडीच अमेरिकी डॉलरच्या आसपास होती. त्या भावाने संपूर्ण संचातली चांदी ८० डॉलरचीही भरत नाही. नाण्याचे दर्शनी मूल्य आणि त्यातील धातू व घडणावळ यांतला फरक हे टांकसाळीचे जुने उत्पन्न आहे. इथे त्या फरकावर खेळांचा खर्च भागवायचा होता. म्हणजे ग्राहकाने मोजलेल्या रकमेचा मोठा भाग पहिल्याच दिवशी ऑलिम्पिकला दिलेली वर्गणी होता. तरीही खेळांवरचे कर्ज फिटायला २००६ साल उजाडले.

६/ मग आले १९८०. टेक्सासच्या हंट बंधूंनी चांदीची प्रचंड खरेदी करून ठेवली होती. जानेवारीत भाव औंसाला जवळजवळ ५० डॉलरवर गेला. लोक घरातले चमचे, तबके, नाणी घेऊन रांगा लावू लागले. संचातली चांदी एकाएकी १५०० अमेरिकी डॉलरची झाली. ऑलिम्पिकची असंख्य नाणी त्या दिवसांत भट्टीत गेली. टोरांटोतला संच मात्र जागचा हलला नाही. संच मोडायचा नाही, हा नियम होता.

७/ बाजाराच्या नियंत्रकांनी नव्या खरेदीवर बंधने आणली आणि भाव ओसरू लागला. २७ मार्च १९८० रोजी चांदी ११ डॉलरच्या खाली आली. दोन महिन्यांपूर्वीचे १५०० डॉलर आता ३३०च्या घरात होते. नाणी तीच, पेटी तीच. बदलला तो केवळ धातूचा भाव, आणि त्याबरोबर संचाची किंमत. हा संच संग्राहकांच्या आवडीवर नव्हे, चांदीवर तरंगत होता, याचा तो पहिला पुरावा.

८/ दुसरा पुरावा नव्वदच्या दशकारंभीचा. तेव्हा चांदी चार डॉलरच्या आसपास रेंगाळत होती. संचातला धातू सुमारे १२० अमेरिकी डॉलरचा, कॅनडाच्या चलनात १६०च्या आत-बाहेर. दर्शनी मूल्य मात्र २१०! म्हणजे वितळवण्यापेक्षा नाणे म्हणून खर्च करणे फायद्याचे होते. सरकारी नाण्याला असा एक तळ असतो. खाजगी कंपन्यांनी विकलेल्या चांदीच्या पदकांना तो नसतो. त्या दशकांत अमेरिकेत अशा पदकसंचांचे फार मोठे पीक आले होते, आणि त्यांतील पुष्कळ संच शेवटी मोडीच्याच भावाने गेले.

९/ मग संग्राहक जास्त पैसे का देत नाहीत? कारण ‘जपून ठेवण्यासाठी’ काढलेली वस्तू सगळेच जपून ठेवतात. याउलट आपल्याकडचा १९३९चा रुपया पाहावा. तो रोजच्या व्यवहाराचा, ११.६६ ग्रॅमचा, ९१.७ टक्के चांदीचा. १९४०मध्ये रुपयातले चांदीचे प्रमाण निम्म्यावर आले. चांगला रुपया व्यवहारातून नाहीसा होऊन भट्टीत जाऊ लागला. १९३९चे फार थोडे रुपये उरले. म्हणून त्याला मागणी इतकी, की तारीख कोरून बनवलेल्या नकलाही बाजारात फिरतात.

१०/ दुर्मीळता ठरवून निर्माण करता येत नाही, ती अपघाताने येते. खुद्द ऑलिम्पिक मालिकेतच याचा दाखला आहे. पहिल्या मालिकेतल्या जगाच्या नकाशाच्या दहा डॉलरच्या नाण्यावर १९७३ साल हवे. टांकसाळीत साचे एकमेकांत मिसळले आणि काही थोड्या नाण्यांवर १९७४ उमटले. आज संग्राहक या मालिकेत शोधतात ते हेच चुकलेले नाणे. अचूक पाडलेल्या नाण्यांना चांदीचा भाव, चुकलेल्याला इतिहासाचा.

११/ २०११च्या एप्रिलमध्ये चांदी पुन्हा ५० डॉलरच्या उंबरठ्याशी आली, आणि २०२५च्या ऑक्टोबरात तिने तो ओलांडला. १९८०चा आकडा मागे पडायला ४५ वर्षे लागली. दरम्यान अमेरिकेतील महागाई सुमारे चौपट झाली. म्हणजे २०२५चे ५० डॉलर खरेदीशक्तीच्या हिशेबाने १९८०च्या साडेबारा डॉलरच्या जवळपास. ‘मोल टिकले’ असे म्हणताना कोणत्या वर्षापासून आणि कोणत्या मापाने, हे दोन प्रश्न म्हणूनच टाळता येत नाहीत.

१२/ त्या शरद ऋतूत वडील नव्हते. मुलांची शिक्षणे केव्हाच झाली होती, नाण्यांशिवाय. मुलगी पेटी घेऊन नाण्यांच्या व्यापाऱ्याकडे गेली. त्याने नकाशाच्या नाण्यावरचे साल भिंगातून पाहिले : १९७३. मग सारी नाणी तराजूत घातली आणि दिवसाच्या भावाहून थोडी कमी रक्कम सांगितली, कारण अशी चांदी शुद्ध करायला खर्च येतो. कोरीव शिड्यांकडे, नौकांकडे, धावपटूंकडे त्याने दुसऱ्यांदा पाहिले नाही.

१३/ तिने भावाला पुण्यात फोन केला. तो म्हणाला, विकू नकोस, बाबांची आठवण आहे. तिने व्यापाऱ्याला विचारले, एक नाणे काढून घेतले तर? वडिलांचा नियम मनात असल्यामुळे तिला वाटले, संच मोडल्यावर भाव कोसळेल. त्याने पाच डॉलरचे एक नाणे तराजूतून उचलून बाजूला ठेवले. किंमत नेमकी तेवढ्याच चांदीने उतरली, सुमारे ३५ डॉलरांनी. संच मोडायचा नाही, या नियमाला बाजारात कधी आधारच नव्हता.

१४/ तिने सत्तावीस नाणी विकली. उरलेले नाणे पहिल्या मालिकेतले, किंग्स्टनच्या किनाऱ्यावरच्या शिडाच्या होड्यांचे. ऑलिम्पिकच्या नौकाशर्यती तिथेच झाल्या, आणि त्याआधी काही वर्षे एक तरुण अभियंता पहिल्या पगाराची वाट पाहत तिथेच राहत होता. व्यापाऱ्याच्या लेखी त्या नाण्यात २२.५ ग्रॅम चांदी आहे.

१५/ थोडक्यात : अशा संचाच्या किमतीला तीन आधार असतात. सर्वांत खाली दर्शनी मूल्य, त्यावर धातू, आणि सर्वांत वर संग्राहकांची ओढ. जाहिरात तिसऱ्या आधाराची होते, विक्रीच्या दिवशी हाती येतो तो बहुधा दुसरा. चांदी हवी असेल तर ती लगडीच्या रूपात स्वस्त पडते. इतिहास हवा असेल तर एखादे झिजलेले, व्यवहारात फिरलेले नाणे अधिक बोलते. आणि आठवण हवी असेल, तर त्यासाठी पूर्ण संचाची गरज नसते.

(समाप्त)