घरापासून घरापर्यंत

अंतर मोजण्याचीं मापें पिढीगणिक पालटतात. आमचे आजोबा ‘दोन मुक्काम’ म्हणत, वडील ‘रात्रीची गाडी’ म्हणत. आमचा पुतण्या ‘पंधरा तास’ म्हणतो, आणि तेवढ्यांत मुंबईहून न्यूयॉर्क गांठतो! या दोन विमानतळांमधील सर्वांत जवळचें अंतर सुमारें १२,५०० किलोमीटर भरतें.

सपाट नकाशावर हें अंतर मोजूं गेल्यास फसगत होते. तेथें ओढलेली सरळ रेघ अरबस्तान व उत्तर आफ्रिका यांवरून जाते. परंतु पृथ्वीच्या गोलावर दोरा ताणून धरावा. तो मध्य आशिया, मॉस्कोचा परिसर व आइसलँडचा शेजार असा उत्तरेकडे चढून मग खालीं उतरतो. जवळचा मार्ग तोच. प्रत्यक्षांत वारे पाहून, आणि ज्यांचें आकाश बंद असेल ते देश टाळून, वैमानिक ही वाट थोडी वांकडी करतात. दहा किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे वेगवान वारे वाहतात. म्हणून जातांना पंधरा-सोळा तास लागले, तर येतांना बहुधा तास-दीड तास वांचतो.

घड्याळाची गोष्ट निराळी. लंकेंत सूर्योदय होतो तेव्हां सिद्धपुरांत सूर्यास्त असतो, असें आर्यभटानें इ. स. ४९९ च्या सुमारासच सांगून ठेवलें आहे. न्यूयॉर्कचें घड्याळ आपल्याहून हिवाळ्यांत साडेदहा आणि उन्हाळ्यांत साडेनऊ तास मागें असतें. गेल्या मार्गशीर्षांत आमच्या वडील वहिनी पहाटे पांच वाजतां निवर्तल्या, तेव्हां त्यांच्या मुलाकडे न्यू जर्सींत आदल्या दिवसाची सायंकाळ होती.

फोनवर तो एवढेंच म्हणाला, “निघतों, काका. थांबतां ना?”

आम्हीं कागद घेतला. तिकीट मिळालें तें त्याच्याकडील दुसऱ्या दिवशीं दुपारचें. तेथून मुंबई साडेचौदा तास. सामान व तपासणी यांत दोन तास. पुढें माळशेज घाटानें नगरपर्यंत मोटारीचे सहा तास. आपल्या जिल्ह्यांत काकडी येथें १ ऑक्टोबर २०१७ पासून विमानतळ आहे खरा, परंतु त्या वेळेस जोडून विमान मिळेना. बेरीज चाळीस तासांची झाली. आकाशांतील पंधरा तासांना जमिनीवरचे पंचवीस चिकटले!

कागद दादांपुढें ठेवला. त्यांनीं तो वाचला नाहीं. “आयुष्यभर तिनें कोणाला ताटकळत ठेवलें नाहीं, तिलाहि ठेवूं नका,” इतकेंच म्हणाले. दुपारीं त्यांनींच मंत्राग्नि दिला.

पुतण्या दुसऱ्या रात्रीं नऊ वाजतां पोंचला. कां थांबलां नाहींत, असें त्यानें विचारलें नाहीं. स्वयंपाकघरांत वहिनींच्या पाटाशेजारीं बराच वेळ बसून राहिला. अस्थि मात्र त्यानेंच वेंचल्या, आणि प्रवरासंगमीं विसर्जनहि त्यानेंच केलें.

ज्यांचीं मुलें परदेशीं आहेत, त्या घरांनीं हें गणित विमानतळापासून विमानतळापर्यंत न मांडतां उंबऱ्यापासून उंबऱ्यापर्यंत मांडावें, आणि वडील माणसें बोलतींचालतीं असतांनाच त्यांचें मत विचारून ठेवावें. प्रश्न अशुभ वाटेल. परंतु त्या पहाटे तो विचारण्यास सवड नसते. दादांनीं आपलें उत्तर देऊन ठेवलें आहे. ते म्हणतात, “माझ्यासाठीं थांबूं नका. त्यापेक्षां त्याला चार दिवस आधीं बोलवा.”