पन्नास वर्षांनी आलेलं पत्र

दुपारची कामं आटोपून सिस्टरकाकू शब्दकोडं सोडवायला बसल्या होत्या, तेवढ्यात पोस्टमननं दारातून लिफाफा आत टाकला. रंगीत, जाड कागदाचा, लग्नपत्रिकेसारखा. त्यावरचं नाव मात्र त्यांचं नव्हतं. म्हणजे होतं, पण माहेरचं. पत्ता विदर्भातल्या त्यांच्या वडिलांच्या घराचा. भाच्यानं तो बॉलपेननं खोडून बाजूला रायपूर, तात्यापारा असं लिहून पत्र पुढे धाडलं होतं.

तात्यापारा हा रायपूरमधला जुन्या मराठी घरांचा भाग. नागपूरकर भोसल्यांच्या काळापासून मराठी माणूस छत्तीसगडात येत राहिला, रुजला. काकू मात्र तशा अलीकडच्या, लग्न होऊन इथे आलेल्या. नोकरी लागली ती मध्य प्रदेश सरकारची आणि निवृत्त झाल्या त्या छत्तीसगड सरकारकडून, जागेवरून फारशा न हलता. गल्लीत कुणाला ताप आला, कुणाचं बाळ रात्रभर रडलं, की पहिली हाक अजून त्यांनाच. म्हणून त्या ‘सिस्टरकाकू’.

पत्र त्यांच्या नर्सिंग स्कूलचं होतं. तिथे त्यांनी साडेतीन वर्षं काढली आणि १९७३ साली त्या बाहेर पडल्या. शाळेचा महोत्सव होता, ग्रंथालयाची नवी इमारत बांधायची होती. अकरा हजार रुपये किंवा त्याहून जास्त देणाऱ्यांची नावं संगमरवरावर कोरली जाणार होती. सुरुवातीला छापलं होतं, ‘आदरणीय देणगीदार’.

‘‘देणगीदार!’’ काकू सुनेला म्हणाल्या. ‘‘अगं, पन्नास वर्षांत पहिलं पत्र आलं, आणि तेही पैशासाठी. मी जिवंत आहे की नाही हे तरी विचारायचं!’’

सून बँकेत असते. ती म्हणाली, ‘‘आई, हल्ली सगळेच मागतात. इंजिनिअरिंगवाल्यांची तर मोठमोठी संमेलनं होतात. नसेल द्यायचं तर देऊ नका.’’

पण प्रश्न अकरा हजारांचा नव्हता. पेन्शन होती, मुलगा कमावता होता, काकूंचा हातही मोकळा. खटकलं होतं वेगळंच. त्या शाळेत त्यांनी पहिल्यांदा घराबाहेर पाऊल टाकलं होतं, पहिला मृत्यू पाहिला होता, पहाटे चार वाजता उकळत्या पाण्यातून काढलेल्या सुया मोजल्या होत्या. विद्यावेतन मेसमध्येच संपायचं. बायका-बायकांमध्ये साबणाची एक वडी चार दिवस फिरायची. आणि ती शाळा त्यांना ओळखत होती ती खोडलेल्या पत्त्यावरच्या एका नावापुरती.

दवाखान्यांना पैसा कसा मिळतो हे काकूंनी जवळून पाहिलेलं. रायपूरचं डी.के.एस. रुग्णालय तरेंग्याचे मालगुजार दाऊ कल्याण सिंह यांच्या दानातून उभं राहिलं, आणि ती तीन अक्षरं म्हणजे त्यांचंच नाव. काकूंची नोकरीची सुरुवातीची वर्षं तिथेच गेली. पुढे रुग्णालय नव्या जागी गेलं आणि २००० साली छत्तीसगड राज्य झाल्यावर या इमारतीत मंत्रालय भरू लागलं. ज्या वॉर्डात काकूंनी रात्रपाळ्या केल्या तिथे सचिवांच्या खुर्च्या लागल्या! मंत्रालय २०१२ साली नव्या रायपूरला गेलं आणि २०१८ मध्ये तिथे पुन्हा रुग्णालय सुरू झालं, अतिविशेष उपचारांचं. इमारतीनं एवढे अवतार घेतले, पण दाऊंचं नाव टिकलं. ते योग्यच झालं. दान मोठं होतं. मात्र त्याच इमारतीत ज्यांच्या पायांच्या शिरा उभं राहून सुजल्या, त्या सिस्टर्सपैकी एकीचंही नाव कुठल्या भिंतीवर नाही, आणि त्यांनाही त्याचं कधी वाटलं नाही.

दुसरं उदाहरण रायपूरच्या दक्षिणेला, दल्ली राजहरा या लोहखनिजाच्या खाणींच्या गावातलं. १९७७ च्या जूनमध्ये तिथे गोळीबारात कामगार मारले गेले. त्यांच्या नावानं खाणकामगारांनी ३ जून १९८३ रोजी ‘शहीद अस्पताल’ सुरू केलं. पैसा कामगारांचा, श्रमदानही त्यांचंच. कामगारांच्याच घरातली मुलं-मुली तिथे शिकून रुग्णसेवेला उभी राहिली. तिथे देणगीदार आणि रुग्ण अशा दोन जाती नव्हत्या, कारण देणारा स्वतःच उद्या खाटेवर येणार होता. देणगी मागणाऱ्यानं हे एकदा नीट पाहून घ्यावं. माणूस आपल्या वस्तूसाठी देतो. परक्याला देतो ती वर्गणी, आणि ती दार लवकर बंद व्हावं म्हणूनही दिली जाते.

नर्सिंगच्या शाळांचा तर जन्मच वर्गणीतून झाला. क्रिमियाच्या युद्धात फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांनी जे काम केलं त्याची आठवण म्हणून नोव्हेंबर १८५५ मध्ये लंडनला सभा भरली आणि फंड सुरू झाला. सैनिकांनी आपला एक दिवसाचा पगार दिला. जेनी लिंड या गाजलेल्या गायिकेनं कार्यक्रम करून त्याचं उत्पन्न दिलं. सुमारे ४५ हजार पौंड जमले आणि १८६० साली सेंट थॉमस रुग्णालयात परिचारिकांची शाळा निघाली. एवढं तर नर्सिंगच्या प्रत्येक मुलीला पाठ असतं. पण पुढची गोष्ट फारशी कुणी सांगत नाही. नाइटिंगेलबाई आजारी असायच्या, घराबाहेर क्वचित पडायच्या. तरी १८७२ पासून वर्षानुवर्षं त्या शाळेला पत्र लिहीत राहिल्या. ते पत्र शिकणाऱ्या मुलींसाठी असे आणि शिकून बाहेर पडलेल्या परिचारिकांसाठीही. नोकरीवर निघालेल्यांना त्या घरी चहाला बोलवत. म्हणजे फंड एकदा जमला, पण नातं दरवर्षी नव्यानं जोडलं जात होतं. त्या पत्रांत पैशाची मागणी नव्हती. मुलींची चौकशी होती आणि उपदेशही होता. काही वेळा जरा जास्तच!

आपल्याकडे तर आधी मुलगी मिळवणं हेच काम होतं. मुंबईच्या जे.जे. रुग्णालयात १८९१ मध्ये काशीबाई गणपत या पहिल्या भारतीय विद्यार्थिनी परिचारिकेचं शिक्षण घ्यायला आल्या. पुण्यात रमाबाई रानड्यांनी १९०९ साली सेवासदन सुरू केलं आणि ससून रुग्णालयात नर्सिंग शिकायला मुली पाठवल्या, त्यांत तरुण विधवाही होत्या. भल्या घरातल्या बाईनं परपुरुषाची जखम धुवायची, रात्री घराबाहेर राहायचं, हे त्या काळच्या पुण्याला पचणारं नव्हतं. बोलणाऱ्यांनी भरपूर बोलून घेतलं. रमाबाईंना पैशाबरोबरच घराघराचा विश्वासही गोळा करावा लागला. काकूंच्या वडिलांनाही १९६९ मध्ये गावात हेच ऐकावं लागलं होतं, ‘‘पोरीला आया करायला पाठवता काय?’’ साठ वर्षांत एवढाच फरक पडला होता.

ते पत्र दोन दिवस फ्रिजवर पडून राहिलं. तिसऱ्या दिवशी काकूंनी त्याचा फोटो काढून आपल्या बॅचच्या ग्रुपवर टाकला. ‘बॅच ७३’. सुरुवातीला या मैत्रिणींचं एक फिरतं पत्र असायचं. एकीनं लिहून दुसरीला पाठवायचं, तिनं त्यात भर घालून तिसरीला. पुढे फोन आला, मग मोबाईल. एक भिलाईत, एक अमरावतीत, एक मस्कतला वीस वर्षं काढून परतलेली, एक अर्धांगानं अंथरुणावर. एकीचा नवरा अकाली गेला तेव्हा तिच्या मुलाची फी सगळ्यांनी मिळून भरली होती. थोडक्यात, शाळेला माजी विद्यार्थिनींचा जो संघ आता काढायचा होता, तो शाळेच्या नकळत पन्नास वर्षं चालूच होता. शाळेनं कधी विचारलं नाही, एवढंच.

ग्रुपवर गलका झाला. कुणी म्हणाली, देऊ या, शेवटी शाळा आपली. कुणी म्हणाली, इमारत सरकार बांधील. अमरावतीवालीनं तर ठणकावलं, ‘‘शिकत असताना लग्न ठरलं म्हणून मला काढायला निघाले होते. एक पैसा देणार नाही.’’ त्यावर अर्धा तास कुणीच काही लिहिलं नाही.

काकूंनी पैसे पाठवले नाहीत. पत्र पाठवलं. वहीचा कागद फाडून, नेहमीच्या टपोऱ्या अक्षरात. त्यात प्रश्नच होते. होस्टेलला उन्हाळ्यात पाणी असतं का? रात्रपाळीहून आलेल्या मुलींना गरम जेवण मिळतं का? सगळ्या मुली तिन्ही वर्षं पूर्ण करतात का, की मधेच कुणी जाते? आणि विहिरीजवळचं कडुनिंबाचं झाड आहे का?

उत्तर येईल असं त्यांना वाटलं नव्हतं. पंधरवड्यानं फोन आला. शाळेतली एक तरुण शिक्षिका बोलत होती.

‘‘मॅडम, तुमचं पत्र मिळालं.’’

‘‘मॅडम नको गं. सिस्टर म्हण.’’

‘‘सिस्टर, विहीर बुजवली. झाड आहे.’’ मग जरा थांबून ती म्हणाली, ‘‘तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. दुसऱ्या वर्षाची एक मुलगी घरी जायला निघाली आहे. गडचिरोली जिल्ह्यातली. शिष्यवृत्ती मंजूर आहे, पण पैसे अजून खात्यात आले नाहीत. मेसची बाकी साडेनऊ हजार झाली आहे. अभ्यासात चांगली आहे हो.’’

हे दुखणं जुनंच आहे. सरकारी शिष्यवृत्ती कागदावर मिळते तेव्हा मुलगी सुटकेचा श्वास टाकते, पण मेसचा हिशेब दर महिन्याला होतो आणि शिष्यवृत्तीचा पैसा आपल्या सवडीनं येतो. मधल्या त्या काही महिन्यांत बापाला वाटतं, पुरे झालं शिक्षण, आता लग्न करून टाकू. एक परिचारिका कमी होते ती अशी, परीक्षेत नापास न होता. संगमरवरी पाटीची वर्गणी या मुलीपर्यंत पोचत नाही.

संध्याकाळपर्यंत ‘बॅच ७३’ मध्ये साडेनऊ हजार जमले. थोडे जास्तच. सून बँकेतली असल्यानं तिनं सगळ्या बायकांची शाळाच घेतली. संस्थेला देणगीवरच्या आयकर सवलतीची मान्यता आहे का ते विचारा आणि पावती घ्या. सवलत हवी तर दोन हजारांच्या वर रोख देऊ नका. जुन्या करपद्धतीत असाल तरच ती मिळते, नव्या पद्धतीत नाही. मस्कतवाल्या मावशींची मुलगी परदेशात असली तरी पासपोर्ट भारतीय आहे, तेव्हा तिनं बँकेतून पाठवलेले स्वतःचे पैसे परदेशी देणगी ठरत नाहीत. तिथलं नागरिकत्व घेतलं असतं तर संस्थेला ‘एफसीआरए’ची नोंदणी लागली असती आणि ते पैसे दिल्लीतल्या स्टेट बँकेच्या ठरलेल्या शाखेतच घ्यावे लागले असते. बायकांनी सगळं शांतपणे ऐकलं आणि अमरावतीवालीनं विचारलं, ‘‘त्या मुलीचा खाते नंबर दे. मी शाळेला देणार नाही म्हटलं होतं. मुलीला देणार नाही असं कुठे म्हटलं?’’

एकच अट घातली गेली. पैसे परत करायचे नाहीत. मुलीला नोकरी लागली की तिनं मागून येणाऱ्या एखादीची मेस भरायची.

ग्रंथालयाचं काय? काकूंनी त्यालाही दिले, पण पाच हजार. संगमरवराच्या आतले. ‘‘पुस्तकं तर हवीतच,’’ त्या म्हणाल्या. ‘‘आम्ही एका पुस्तकावर सहाजणी वाचायचो. पानं उलटायला भांडायचो.’’

गेल्या आठवड्यात त्या शिक्षिकेचा पुन्हा फोन आला. तिला नोंदवही करायची होती. नुसती देणगीदारांची नाही, सगळ्यांची. कोण कुठल्या साली बाहेर पडली, कुठे आहे, काय करते. जुन्या प्रवेशाच्या नोंदींत माहेरची नावं आहेत आणि पत्ते आहेत बापाच्या घराचे. लग्न झालं की बाई कागदावरून नाहीशीच होते. इंजिनिअरिंगवाल्यांची संमेलनं भरतात आणि परिचारिकांची भरत नाहीत, त्याला हेही एक कारण असावं.

काकूंनी कपाटातून आपली निळी वही काढली. एकेक नाव त्या वाचत गेल्या, माहेरचं आणि सासरचं, मग गाव, मग फोन. पलीकडे पेन चालत होतं. वहीत काही नावांपुढे काकूंनी छोटी पणती काढून ठेवली होती. तिथे आल्यावर त्या थांबल्या.

‘‘ही गेली,’’ त्या म्हणाल्या. ‘‘कोविडमध्ये. निवृत्त झाली होती, तरी परत ड्युटीवर गेली होती.’’

‘‘मग... ते नाव राहू दे का, सिस्टर?’’

‘‘नाही, लिहून घे. पत्त्याची जागा मोकळी सोड. आणि ही पुढची लिही, तिचा नंबर बदलला आहे.’’